लेकाला टॅरँट्युला पाळायचाय, सुरुवात कुठून करू?

अबोली (टुसॉन, अ‍ॅरिझोना)

नमस्कार मंडळी. विषय वेगळा आहे, पण इथे कुणीतरी जाणकार भेटेल म्हणून विचारते.

आमच्या इथे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस येतो, आणि त्याला इथली माणसंसुद्धा मान्सूनच म्हणतात. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी सर येऊन गेल्यावर आम्ही घरी परतत होतो. गाडीच्या दिव्यात रस्त्यावर काहीतरी हललं. तळहाताएवढा कोळी, काळेभोर पाय, आणि चाल इतकी सावकाश की एकेक पाय उचलताना दिसत होता. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. लेक (वय १२) खाली उतरला आणि तो कोळी पलीकडच्या झुडपात शिरेपर्यंत मोबाइलचा उजेड धरून उभा राहिला, म्हणजे गाडीखाली येऊ नये म्हणून. तेव्हापासून घरात एकच धोशा आहे: मला टॅरँट्युला पाळायचाय.

मी सांगलीची. कोळी दिसला की झाडू घ्यायचा, एवढंच माझं शिक्षण. पण पोरगा खरंच मन लावून वाचतोय, वहीत लिहून काढतोय, त्यामुळे नुसतं 'नाही' म्हणून उडवून लावायला जीव होत नाही. माझे प्रश्न:

चावला तर काय? रस्त्यावरचाच एखादा धरून आणला तर चालेल का? घरात मांजर आहे. डिसेंबरात आम्ही पाच आठवडे भारतात जातो, तेव्हा त्याचं कोण बघणार? आणि हे प्राणी जगतात किती?

बिळकरी (लेस्टर)

अबोलीताई, मी १३ वर्षं टॅरँट्युला पाळतोय, सध्या घरात नऊ आहेत. सगळ्यात आधी, तुमच्या लेकाने उजेड धरला हे वाचून फार बरं वाटलं. ज्या मुलाला कोळी नीट पलीकडे जावा असं वाटतं, त्याला पाळायला द्यायला हरकत नाही.

रस्त्यावरचा मात्र आणू नका. तुम्ही पाहिलात तो अ‍ॅफोनोपेल्मा प्रजातीतला नर असणार. तुमच्याकडचा नेहमीचा म्हणजे अ‍ॅफोनोपेल्मा चाल्कोडीस, ज्याला अ‍ॅरिझोना ब्लाँड म्हणतात. मादी गव्हाळ सोनेरी असते, वयात आलेल्या नराचे पाय काळे पडतात. तो नर आठ-दहा वर्षं एका बिळात राहिला, वयात आला आणि पाऊस पडल्यावर मादी शोधायला निघाला. आता त्याच्यापाशी काही महिनेच उरलेत. त्याला डब्यात ठेवलात तर तो दिवसरात्र काचेला धडका देत फिरेल आणि हिवाळ्यापर्यंत मरेल. पोराच्या पहिल्या कोळ्याचा शेवट असा नको. शिवाय त्याची वाट बघणारी मादी तशीच राहील.

मादीचं आयुष्य वेगळं. चाल्कोडीस, ग्रामोस्टोला, ब्राकीपेल्मा या जातींच्या माद्या २० वर्षं सहज जगतात, काही त्याहून जास्त. माझी ग्रामोस्टोला पुल्क्रा मी २०१२ मध्ये आणली तेव्हा हरभऱ्याच्या दाण्याएवढी होती. ती अजून आहे आणि माझ्या हाताच्या पंजाएवढी झालीये. तेव्हा घ्यायच्या आधी पोराशी एकदा बसून बोला. तो कॉलेजात जाईल तेव्हाही हा प्राणी घरात असेल आणि त्याचं पाणी तुम्हाला भरावं लागेल.

आता विषाचं. टॅरँट्युला चावून माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. पण सगळे एका माळेचे मणी नाहीत. अमेरिका खंडातले बहुतेक सुस्त, विष सौम्य, चावले तर मधमाशी चावल्यासारखं दुखतं. त्यांचं खरं हत्यार पोटावरचे केस. मागच्या पायांनी ते खरवडून हवेत उडवतात. ताई, तुम्हाला खाजकुयली ठाऊक असेल. अगदी तोच प्रकार, फरक एवढाच की हे केस डोळ्यात गेले तर प्रकरण गंभीर होतं. आशिया-आफ्रिकेतल्या जातींकडे असे केस नसतात, म्हणून त्या पळतात नाहीतर चावतात, आणि त्यांचं विष चांगलंच जड असतं. आपल्याकडच्या झाडावर राहणाऱ्या पोइसिलोथेरियाच्या चाव्याने स्नायूंत पेटके येतात, ते काही दिवस, कधी काही आठवडेही त्रास देतात. नवशिक्याने, त्यातून १२ वर्षांच्या मुलाने, त्यांच्या वाटेला जाऊ नये. दिसायला सुंदर असतात म्हणून भुलायचं नाही.

तुमच्यासाठी माझं मत: कर्ली हेअर, म्हणजे त्लिल्टोकाट्ल अल्बोपिलोसस. मूळचा मध्य अमेरिकेतला, कोस्टा रिका-निकाराग्वाकडचा. जुन्या पुस्तकांत ब्राकीपेल्मा म्हणून सापडेल. शांत आहे, खायला चांगला, फार हळू वाढत नाही, आणि डब्यात पैदास झालेले भरपूर मिळतात. घेताना 'डब्यात जन्मलेलाच' असं विचारून घ्या. अगदी पिल्लू नको. अर्ध्या इंचाचं पिल्लू कोरडं पडलं तर लवकर जातं, आणि मुलाला दिवसेंदिवस दिसतसुद्धा नाही. पाय पसरून दोन-अडीच इंचाचं घ्या.

पापणी (नागपूर)

मी नेत्रतज्ज्ञ आहे, त्या केसांबद्दल दोन शब्द.

आपल्याकडे केसाळ सुरवंटाचे केस डोळ्यात गेलेले रुग्ण येतात. त्या आजाराला ऑफ्थॅल्मिया नोडोसा म्हणतात, आणि टॅरँट्युलाच्या केसांनी होतो तोही हाच. केस काटेरी असतात, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात घुसतात आणि आत आत सरकत जातात. डोळा चोळला की आणखी खोल. त्यामुळे डबा उघडताना चष्मा, साधा शून्य नंबरचाही चालेल. चेहरा डब्यावर आणायचा नाही. काम झालं की हात साबणाने धुवायचे आणि तोवर डोळ्यांना लावायचे नाहीत. केस कोळ्याच्या अंगावरच असतात असं नाही, टाकलेल्या कातीवर आणि डब्यातल्या मातीतही असतात. डोळ्यात गेल्याची शंका आली तर भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. घरी पिना-चिमटे लावू नका.

अबोली

पापणी, फार आभार. चष्म्याचं लगेच वहीत गेलंय.

बिळकरी, डब्याचं सांगा ना. दुकानात गेलो होतो, तिथल्या मुलाने एक किट दाखवलं. उंच काचेची पेटी, वर जाळी, लाल दिवा, खाली वाळू, पाण्याच्या वाटीत स्पंज. सगळं मिळून १४० डॉलर.

बिळकरी

ताई, त्या किटमधली एकही वस्तू घेऊ नका. एकेक सांगतो, कारण नव्या माणसाचा कोळी मरतो तो बहुधा याच वस्तूंमुळे, आणि त्या विकत घेणाऱ्याने मायेपोटीच घेतलेल्या असतात.

उंच पेटी नको. जमिनीवर राहणारा टॅरँट्युला म्हणजे पाण्याने भरलेला फुगा चालतोय असं समजा. पोटाची कातडी फार पातळ असते. मातीपासून झाकणापर्यंतची मोकळी उंची त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त ठेवायची नाही. अडीच इंचाच्या कोळ्याला पावणेचार इंच खूप झाले. लांबी पसाऱ्याच्या तिप्पट. म्हणजे तुम्हाला स्वयंपाकघरातला झाकणाचा प्लास्टिकचा पारदर्शक डबासुद्धा चालतो. दोन्ही बाजूंना तापलेल्या सुईने बारीक भोकं पाडा, कोळ्याचं डोकं जाणार नाही एवढी.

जाळी नको. त्याच्या पायांच्या टोकाला बारीक नख्या असतात, त्या जाळीत अडकतात आणि लटकून पाय तुटतो.

दिवा नको, गरम करणारी चटई तर मुळीच नको. तुम्हाला ज्या तापमानात बरं वाटतं त्यात त्यालाही बरं वाटतं, २२ ते २८ अंश. गरम होऊ लागलं की कोळी जमिनीत खोल जातो, त्याची उपजतच ती समजूत असते. चटई खालून तापवते, म्हणजे तो सुटका म्हणून जिथे जातो तिथेच भाजतो.

वाळू नको. धुतलेला कोकोपीट, किंवा खत-औषध न मारलेली साधी माती, किंवा दोन्ही मिसळून. चार-पाच इंच खोल, हाताने दाबून बसवलेली. मुठीत धरून दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, आपण रोपं लावताना बघतो तसं. मग कोरडी होऊ द्यायची. एका कोपऱ्यात सालीचा तुकडा तिरका खोचायचा आणि त्याखाली बोटाने बिळाची सुरुवात करून द्यायची, पुढचं तो खणतो.

पाण्याची वाटी हवीच, बाटलीच्या झाकणाएवढी, नेहमी भरलेली. टुसॉनच्या कोरड्या हवेत तर आणखी हवी. स्पंज नको, त्यात जंतू वाढतात. कोळी वाटीच्या काठावर तोंड टेकवून पाणी पितो. पहिल्यांदा तो पिताना दिसेल तेव्हा पोराला उठवून दाखवा, अगदी निवांत दृश्य असतं.

मांजराचं महत्त्वाचं. मांजराला पिसवांसाठी मानेवर औषध घालत असाल तर ते हात डब्याला लावू नका. ते औषध कीटक-कोळी यांच्या मज्जासंस्थेवरच काम करतं. कोळी लडखडायला लागतो, पाय एकमेकांत अडकतात, आणि मग फारसा उपाय राहत नाही. झुरळांचे फवारे, डासांची यंत्रं, सगळं त्या खोलीबाहेर. मांजरही बाहेरच.

खाणं: आठवड्याला एक छोटं डुबिया झुरळ किंवा रातकिडा, कोळ्याच्या पोटाहून मोठा नको. २४ तासांत नाही खाल्लं तर काढून घ्यायचं. बागेतले किडे पकडून घालू नका, कुठे काय फवारलं असेल सांगता येत नाही.

आणि पाच आठवड्यांची काळजी सोडा. हा प्राणी त्यासाठीच घडलाय. शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा वाटी भरायला सांगा, खायला घालायला सांगूच नका. माझ्या एका चिली रोझने १४ महिने काही खाल्लं नाही. मी रोज संध्याकाळी तिच्यापुढे रातकिडा धरायचो आणि ती पाय उचलून त्याला बाजूला सारायची. तिचं पोट तसूभर आटलं नाही. एका रविवारी तिने एकदम झडप घातली, जणू मधे काही झालंच नव्हतं.

करडा_ढग (ह्यूस्टन)

वरचं उंचीचं वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी पहिली मेक्सिकन रेड नी, म्हणजे ब्राकीपेल्मा हामोरी. पाच वर्षांची मादी. दुकानदाराने जुनी माशांची टाकी दिली, दीड फूट उंच. खाली दोन इंच माती, आणि शोभेसाठी मी नदीकाठचे चपटे दगड मांडले होते. ती रात्री काचेवर चढायची. मला वाटायचं, वा, किती खेळकर आहे. आता कळतं की ती त्या उथळ मातीत कुठे लपावं ते शोधत होती.

एका रात्री टप्प असा आवाज आला, ओल्या कपड्याचा पिळा जमिनीवर पडावा तसा. ती दगडावर पडली होती. पोटाला नखाएवढी चीर, आणि त्यातून फिकट निळसर पाणी येत होतं. कोळ्याच्या रक्तात आपल्यासारखं लोखंड नसतं, तांबं असतं, म्हणून तो रंग. हे मी आधी वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं. कुणीतरी सांगितलं म्हणून कॉर्नफ्लोअर आणून रंगाच्या ब्रशने चिरेवर लावलं. थोडं थांबलं, पुन्हा सुरू झालं. कोळ्याला पाय लांब करायला स्नायू नसतात, अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय उघडतात. दाब गेला तसे तिचे पाय एकेक करून पोटाखाली मिटत गेले. पहाटे चारपर्यंत मी बसलो होतो.

पायाला जखम असेल तर कॉर्नफ्लोअरने रक्त थांबतं, मी नंतर एकदा थांबवलंही. पोटाच्या जखमेला बहुधा थांबत नाही. अबोलीताई, उंची मोजूनच घ्या. पट्टी लावून.

बिळकरी

ढगभाऊ, वाईट वाटलं. तुम्ही हे लिहिलंत त्याने कितीतरी कोळी वाचतील.

निंबोणी (पुणे)

मी टीवायला आहे, झूलॉजी. मलाही सुरुवात करायची आहे. एका मोबाइल ग्रुपवर एकजण इंडियन ऑर्नामेंटल विकतोय, 'वाइल्ड कॉट, हेल्दी' म्हणून. आपल्याच देशातला प्राणी आहे म्हटल्यावर इथल्या हवेला चालेल असं वाटतं. घेऊ का?

बिळकरी

निंबोणी, घेऊ नकोस. आणि त्या ग्रुपमधून आधी बाहेर पड.

इंडियन ऑर्नामेंटल म्हणजे पोइसिलोथेरिया रेगॅलिस. ही सगळी प्रजाती २०१९ पासून सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि त्यात सायटिसच्या प्राण्यांसाठी अनुसूची ४ आली. असे प्राणी जवळ असतील तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. मी वर ताईंना सुचवलेला कर्ली हेअरसुद्धा सायटिसमध्ये येतो, म्हणजे अमेरिकेत जे सोपं आहे ते पुण्यात कागदांशिवाय करता येत नाही. जंगलातून उचललेल्या प्राण्याला तर कुठलेच कागद मिळणार नाहीत.

कायदा क्षणभर बाजूला ठेव. गुत्ती टॅरँट्युलाचं बघ, पोइसिलोथेरिया मेटॅलिका, तो गडद निळा. १८९९ मध्ये पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने गुत्तीला सापडलेल्या एका नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. मग शंभरएक वर्षं तो कुणाला दिसला नाही, २००१ मध्ये आंध्रात नंद्याल-गिद्दलूरच्या जंगलात पुन्हा सापडला. त्याचा सगळा अधिवास १०० चौरस किलोमीटरच्या आसपासचा, तोही लाकूडतोडीने विरळ झालेला. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. आणि आज युरोप-अमेरिकेत माझ्यासारख्या शेकडो लोकांच्या कपाटात त्याची पिल्लं आहेत. त्यांचे आजोबा-पणजोबा कुणीतरी त्याच झाडांच्या ढोलीतून काढून नेले होते. मी स्वतः मेटॅलिका ठेवत नाही. डब्यात जन्मलेला असला तरी मला ते गोड लागत नाही.

डोंगरमाथा (सावंतवाडी)

निंबोणी, तुला सुरुवात करायची आहे ना, मग इकडे ये. तुला डब्याची गरजच नाही.

आमच्याकडे घाटरस्त्यांच्या कडेला जांभ्याच्या उभ्या कापात बिळं असतात. दिवसा बघशील तर दोन बोटं जातील एवढं भोक, त्याच्या कडेला रेशमाची कड, पांढरट, वाळलेली पानं त्यात विणून घेतलेली. आपण गोधडीला काठ लावतो तशी. जवळच्या भोकांत ती कड नसेल तर ते खेकड्याचं किंवा उंदराचं, नाहीतर रिकामं. कड ताजी आणि स्वच्छ असेल तर घरात कुणीतरी आहे.

मी जूनच्या पहिल्या पावसानंतर जातो. रात्री नऊच्या पुढे. विजेरीला लाल कागद गुंडाळायचा आणि पाच फुटांवर खाली बसायचं. पाय आपटायचे नाहीत. यांना आठ डोळे असूनही फारसं दिसत नाही, सगळं जमिनीच्या थरथरीतून कळतं. तू चालत आलीस हे बिळातल्या कोळिणीला तू पोचायच्या आधीच कळलेलं असतं. अर्धा तास काही होत नाही. मग भोकाच्या काठावर पायाची दोन टोकं येतात. फक्त टोकं. पुढची दहा मिनिटं तेवढंच. मग चार पाय. ती काठावर बसते, पाय रेशमावर ठेवून, जशी तारेवर बोट ठेवून बसावी. एखादा बीटल रेशमावरून गेला की बाहेर येणं, धरणं आणि आत जाणं सगळं एका झटक्यात. तुला फक्त हललेली कड दिसेल.

मी एकच बीळ सात वर्षं बघतोय. पहिल्या वर्षी करंगळी जाईल एवढं होतं. मागच्या पावसात रस्ता रुंद करायला यंत्र आलं, ते त्या कापाच्या चाळीस पावलं अलीकडे थांबलं. पलीकडच्या वळणावर अकरा बिळं होती, ती गेली. मी मोजलेली होती म्हणून सांगतो.

रेगॅलिस, बिळात राहणारे चिलोब्राकिस फिम्ब्रिएटस आणि थ्रिग्मोपियस, या सगळ्यांची वर्णनं पोकॉकनेच त्याच १८९९ साली केली, लंडनच्या संग्रहालयात पाठवलेल्या नमुन्यांवरून. पण ही जनावरं पावसाळ्यात काय करतात, पिल्लं कधी बाहेर पडतात, एका कापात किती राहतात, हे बघायला इथलाच माणूस लागतो. तू झूलॉजीची आहेस. वही घेऊन ये. बिळात काडी घालून बाहेर काढायचं नाही, आणि ठिकाणाचा नकाशा नेटवर टाकायचा नाही, एवढ्या दोन अटी. विकणारे तेच शोधत असतात.

निंबोणी

काका, ग्रुप सोडला. त्या विक्रेत्याची माहिती वनविभागाला कळवली आहे. जूनमध्ये परीक्षा संपली की येते, मैत्रीण पण येईल.

अबोली

मंडळी, कर्ली हेअर घरी आला. पसारा अडीच इंच. तपकिरी अंगावर सोनेरी, कुरळे, लांब केस. लेकाने बघितल्याबरोबर नाव ठेवलं: घोंगडी. (गेल्या वर्षी आजोबांकडे गेला होता तेव्हाची आठवण.) डबा त्याने स्वतः तयार केला. पट्टी लावून उंची मोजली, करडा_ढग.

पण तीन आठवडे झाले, घोंगडी काही खात नाही. पहिले दोन झुरळं घेतले, नंतर नाही. पोटाच्या मागच्या बाजूला टक्कल आहे, ते आधी फिकट होतं, आता काळं झालंय. काल त्याने बिळाचं तोंड मातीने बंद करून घेतलं. पोरगा रडवेला झालाय. डबा उकरून बघू का? हवा तरी मिळत असेल का आत?

बिळकरी

उकरू नका! उत्तम बातमी आहे ताई. कात टाकायची तयारी चाललीये. जुन्या कातडीखाली नवे केस तयार होतात, म्हणून टक्कल काळं दिसतं. दार लावलंय कारण आता कुणी यायला नको. हवा मातीतून पुरते.

आता फक्त तीन गोष्टी. डब्यात एकही जिवंत किडा राहू देऊ नका, कात टाकताना अंग मऊ असतं, रातकिडासुद्धा त्याला कुरतडून मारतो. वाटी भरलेली ठेवा. आणि कधी तो पाठीवर उताणा, पाय वर, असा दिसला तर तो मेलेला नाही. मरणारा कोळी सरळ बसतो आणि पाय पोटाखाली मिटतो, ढगभाऊंनी लिहिलंय तसं. उताणा कोळी कात टाकतोय. त्याला हात लावायचा नाही, सरळ करायचा नाही, फुंकर घालायची नाही, डबा हलवायचा नाही. किती का वेळ लागेना.

या छंदात सगळ्यात अवघड हेच आहे, काही न करणं. कुत्र्या-मांजराला आपण जवळ घेतो, त्याला बरं वाटतं. कोळ्याला आपल्या हाताचं काहीच सुख नाही. हातावर घेतला तर त्याला फक्त तापलेली, हलणारी जमीन कळते. त्याच्यासाठी आपण करतो ते म्हणजे नीट माती, भरलेली वाटी, आणि दूर बसणं. तुमच्या पोराला ते जमेल असं मला त्या रस्त्यावरच्या गोष्टीवरूनच वाटलं होतं.

अबोली

काल रात्री झालं. सगळं लिहिते.

घोंगडीचं बीळ डब्याच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे बाजूने आतलं दिसतं. साडेनऊला पोरगा धावत आला, "आई, तो उलटा झालाय." मला ठाऊक असूनही पोटात धस्स झालं. खाली रेशमाची पांढरी चटई विणलेली, त्यावर तो उताणा, पाय अर्धवट वर. काहीही हलत नव्हतं. आम्ही दिवा मालवला, लाल कागद लावलेला मोबाइल लांब ठेवला (डोंगरमाथा, तुमची युक्ती) आणि जमिनीवर बसलो. मांजराला बाहेर ठेवलं.

सव्वादहाला कूस पलटली तसं काहीतरी झालं आणि पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडलं. मग आतून पाय निघायला लागले. घट्ट चुडीदार काढताना पायाचा चोळणा गोळा होतो ना, तसं. थोडं ओढायचं, थांबायचं. थोडं ओढायचं, थांबायचं. मधे पंधरा मिनिटं एकदम थांबला. पोराने माझा हात घट्ट धरला. मी म्हणाले बिळकरीकाकांनी काय सांगितलंय? म्हणाला, "काही करायचं नाही." त्याचे डोळे भरले होते पण तो जागेवरून हलला नाही. पुढचा एक पाय अडकल्यासारखा वाटत होता, तोही निघाला. साडेअकराला दोन कोळी शेजारी शेजारी पडले होते, एक पोकळ आणि एक ओलसर, रंग अजून न भरलेला. आणि सुळे पांढरेशुभ्र. तांदळाच्या दाण्यासारखे.

कात आम्ही आज सकाळी लांब चिमट्याने काढली, चष्मा आणि हातमोजे घालून. जपून ठेवायची आहे. ती घडी पडलेली आहे, उघडता येईल का?

बिळकरी

अबोलीताई, अभिनंदन. पहिली कात बघायला मिळणं भाग्याचं.

कात कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून तासभर भिजवा, मऊ होते. मग रंगाच्या ब्रशने पोटाचा भाग अलगद पसरवा आणि आतल्या बाजूचा फोटो टाका. फुप्फुसांच्या चार पांढऱ्या खुणा दिसतील. पुढच्या दोन खुणांच्या मधे जर कातडीचा छोटा पडदा, खिशाची झडप असावी तसा, उभा असेल तर मादी.

आणि आता घाई करू नका. सुळे मऊ आहेत, काही धरायला गेला तर मोडतील. पूर्ण काळे झाल्यावरच खायला.

अबोली

फोटो जोडला आहे.

बिळकरी

झडप स्पष्ट आहे. मादी आहे.

करडा_ढग

मलाही मादीच दिसतेय. वीस वर्षांची सोबत झाली म्हणायची. पोराला शाबासकी सांगा.

अबोली

सांगितली. 'घोंगडी' आधीच स्त्रीलिंगी होतं हे त्याने मला लगेच लक्षात आणून दिलं.

उद्या आम्ही निघतोय भारतात. शेजारच्या आजींना वाटी दाखवून ठेवली आहे, झाकणावर चिठ्ठी चिकटवली आहे. लेकाच्या वहीतलं शेवटचं पान त्याला विचारून इथे टाकते, त्याने मराठीत लिहिलंय:

रविवार – सुळे पांढरे. पाणी भरलं.
मंगळवार – सुळे लालसर. बिळाच्या तोंडाशी बसली आहे. पाणी भरलं.
शुक्रवार – सुळे अर्धे काळे. मी काही केलं नाही.
सोमवार – सुळे पूर्ण काळे. आज पाणी पिताना दिसली, आईला उठवलं.
मंगळवार – एक छोटं झुरळ दिलं. घेतलं.